पडलेल्याला परत उभं करताना

मंडळीच्या (चर्चच्या) दानपेटीतले पैसे वापरले गेले, दारू पुन्हा सुरू झाली, घरात खोटं उघड झालं. कारण काहीही असो, पुढचं बहुतेक सारखंच असतं. माणूस दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाच्या दिवशी टाळतो आणि मग यायचाच बंद होतो. देव क्षमा करील, पण लोकांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याचं खरं दुखणं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय इथे सावकाश वाचावा. शिष्य पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीजवळ, आणि तळ्याकाठी येशूने पेटवलेलाही कोळशाचाच विस्तव. आधी भाकर आणि मासळी, मग ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ हा प्रश्न. नाकारणं तीनदा, म्हणून विचारणंही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, तरी येशूने ते टाळलं नाही. हे सगळं इतर शिष्य जवळ असताना झालं. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्याने 30 नाणी परतही केली. पण तो गेला याजकांकडे, आणि त्यांनी ‘तुझं तू बघ’ म्हणून हात झटकले. पेत्र मात्र शिष्यांतच राहिला होता. म्हणून पहिलं काम एवढंच: मंडळी सोडू नका.

क्षमा कबुलीसरशी मिळते, योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (1:9) त्यात मुदत घालत नाही. लोकांचा विश्वास परत यायला मात्र महिने लागतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळं बिघडतं.

कबुली नेमकी हवी. ‘कोणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा’ ही कबुली नव्हे. काय केलं, किती, कधीपासून, हे पाळक आणि मंडळीच्या एका-दोघा वडिलांसमोर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांसमोर) बसून सांगावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. पैशाचा मामला असेल तर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायातला हिशेब आजही चालतो: मुद्दल आणि वर पाचवा भाग. 20,000 घेतले तर 24,000. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लिहून घ्यावेत आणि खजिनदाराने पावती द्यावी. पावतीमुळे नंतरची कुजबुज थांबते.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर 1852 मध्ये आले, पुढे 1870 मध्ये त्यांचं मिशन प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेलं. त्या परंपरेत शिस्तीचा निर्णय एकट्या पाळकाचा नसतो, वडिलांनी मिळून घ्यायचा असतो. ही चांगली व्यवस्था आहे, पण अर्धीच वापरली जाते. जबाबदारी काढून घेतल्याची नोंद होते, ती परत कधी विचारात घ्यायची याची होत नाही. तारीख त्याच बैठकीत ठरवा. तोवर दर आठवड्याला एका वडिलांनी त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा, प्रार्थना करावी. करिंथच्या मंडळीला पौलाने हेच बजावलं होतं: शिक्षा पुरे झाली, आता धीर द्या, नाहीतर तो माणूस दुःखात बुडेल.

एक अपवाद ठाम आहे. मुलांवर किंवा स्त्रीवर अत्याचार झाला असेल तर प्रकरण पोलिसांकडे जातं. त्या माणसाला देवाची क्षमा मिळू शकते, रविवार शाळेची किल्ली नाही.

गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात अशा माणसाला ताळ्यावर आणण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच मार्काने याकोब आणि योहान जाळी नीट करत होते तिथे वापरला आहे. फाटलेलं जाळं झटकून सांधत नाही. ते मांडीवर घेऊन एकेक गाठ मारावी लागते.