इतका स्वच्छ शून्य

बडोद्यात एका भौतिकशास्त्र विभागाची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो. रोजच्या तक्रारी ठरलेल्या: पायथनची आवृत्ती जुळत नाही, डिस्क भरली, रात्री लावलेला रन पहाटे मेला. परवा दांडिया बाजारातला एम.एस्सी.चा मुलगा आला तो तक्रार घेऊन नाही, आलेख रंगीत छापून हवा म्हणून. "सर, काहीतरी नवीन सापडलंय," म्हणाला.

गणित साधे होते. एक क्यूबिट, म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली, ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर. 5000 नॅनोसेकंदांची खिडकी, टी-वन, म्हणजे वरून खाली घसरण्याचा सरासरी काळ, 20 मायक्रोसेकंद. खिडकीत एकच गाउसियन (घंटेच्या आकाराची) पाय-पल्स, म्हणजे क्यूबिटला पूर्ण वर नेणारा धक्का; तिची रुंदी, सिग्मा, 5 नॅनोसेकंद. पल्सने क्यूबिट वर जातो, मग हळूहळू घसरतो. खिडकीच्या शेवटी तो वर असण्याची संभाव्यता मोजायची. पल्सची वेळ 100 पासून 4000 पर्यंत शंभर-शंभरने सरकवायची, म्हणजे 40 रन. सगळे क्यूटिप या पायथनमधल्या क्वांटम लायब्ररीच्या एमई-सॉल्व्हवर. हा सॉल्व्हर क्यूबिटची अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते पावलापावलाने काढतो. उत्तर हातानेही निघते: पल्स जितकी उशिरा, तितकी घसरण कमी, म्हणून 0.78 पासून 0.95 पर्यंत चढत जाणारी सलग रेघ.

आलेखात काही ठिपके त्या रेघेवर होते आणि बाकीचे थेट तळाला. अधेमधे एकही नाही. मार्गदर्शकांनी तो पाहून "इंटरेस्टिंग" म्हटले होते. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ बहुधा "मी अजून नीट पाहिलेले नाही" असा असतो.

मला खटकला तो शून्य. आकडे छापून पाहिले तर 0.01 नाही, 10 च्या उणे 9 व्या घाताचा गाळही नाही, नुसते 0.0. क्यूबिटने काहीही केले असते तरी आकडेमोडीचा एवढा गाळ तळाशी राहतोच. इतका स्वच्छ शून्य म्हणजे तिथे काही घडलेच नव्हते. शिवाय गणित क्यूबिटबरोबर फिरणाऱ्या चौकटीत मांडलेले, त्यामुळे हॅमिल्टोनियनमध्ये, म्हणजे क्यूबिट कसा बदलणार ते ठरवणाऱ्या ऊर्जेच्या पदात, पल्सशिवाय दुसरे काहीच नाही. ग्राउंड स्टेटमधल्या क्यूबिटला घड्याळ नसते. पल्स 900 ला आली काय आणि 1000 ला आली काय, त्याने दोन्हीकडे सारखेच उडायला हवे.

आधी पल्सच तपासली. क्षेत्रफळ पाय, शिखर 0.2507 रेडियन प्रति नॅनोसेकंद, म्हणजे 40 मेगाहर्ट्झच्या आसपास. बरोबर. मग मुलाने सहज सांगितले, की टी-लिस्ट, म्हणजे उत्तर टिपायच्या क्षणांची यादी, 501 बिंदूंवरून 5001 वर नेली तेव्हा काही ठिपके वर आले आणि काही खाली गेले. हे त्याने आठवडाभर स्वतःशीच ठेवले होते! आपण नोंदी किती ठिकाणी घेतो यावर निसर्ग ठरत नसतो. गडबड सॉल्व्हरची होती.

अशा वेळी मी एक जुनी युक्ती करतो. पल्सच्या फंक्शनमध्ये एक रिकामी यादी ठेवायची आणि सॉल्व्हर ज्या ज्या क्षणाची किंमत विचारेल तो क्षण तिच्यात टाकायचा. दोन ओळींचे काम. यादी उघडली: सुरुवातीला दाट प्रश्न, मग शेकडो नॅनोसेकंदांच्या उड्या, आणि हरवलेली प्रत्येक पल्स अशाच एका उडीत गडप. एका रनमध्ये तर सॉल्व्हर 5000 च्या पलीकडचा क्षण विचारून आला होता.

याचे कारण सरळ आहे. आतला झेडव्होड हा फोरट्रानमधला जुना सॉल्व्हर, सायपाय या पायथन लायब्ररीमार्फत येणारा. आपल्या उत्तरात किती चूक होतेय याचा अंदाज घेऊन तो पुढच्या पावलाची लांबी ठरवतो. पल्सच्या आधी डेरिव्हेटिव्ह (बदलाचा वेग) शून्य, चूक शून्य, म्हणून पाऊल लांबत जाते. गाउसियनची शेपटी त्याला सावध करील म्हणावे तर 400 नॅनोसेकंद आधी तिची किंमत ई च्या उणे 3200 व्या घाताइतकी. ती 64 बिटांत मावत नाही, सरळ शून्य होते. टी-लिस्ट फक्त उत्तर कुठे टिपायचे ते सांगते. सॉल्व्हर पुढे उडी मारतो आणि मधल्या किमती इंटरपोलेट करून हातात देतो. टी-लिस्ट बदलल्यावर पहिले पाऊल बदलते, म्हणून एखादी उडी योगायोगाने पल्सवर पडते. पडली की चूक दिसते, पाऊल आखडते आणि उत्तर अगदी बरोबर येते. म्हणून मधला ठिपका नाही.

उपाय एका शब्दाचा: मॅक्स-स्टेप, म्हणजे पावलाची कमाल लांबी. इथे 5 दिले, म्हणजे एक सिग्मा. सगळे 40 ठिपके रेघेवर आले. फक्त एक सांभाळायचे: 5000 ची खिडकी 5 च्या पावलाने म्हणजे किमान 1000 पावले, आणि एन-स्टेप्सची मर्यादा टी-लिस्टच्या दोन बिंदूंमधल्या पावलांना लागते. टी-लिस्टमध्ये सुरुवात आणि शेवट एवढेच दिले तर ती आडवी येऊ शकते. खिडकी फार लांब असेल तर मी तुकडे पाडतो: पल्सच्या 4 सिग्मा आधीपर्यंत एक, पल्सचा दुसरा, उरलेला तिसरा, आणि प्रत्येकाची शेवटची अवस्था पुढच्याला. वेळही वाचतो.

हे सगळे तासाभरात उरकले. मग मी विचारले, स्क्रिप्ट मुळात कोणाची? एका सीनियरची, क्यूटिप 4 च्या काळातली. जुनी फाइल काढली. तिच्यात ऑप्शन्सची ओळ होती आणि मॅक्स-स्टेपही होता. शेजारी का ते लिहिलेले नव्हते. कॉमेंट लिहायला आमच्या मुलांचा हात दुखतो. क्यूटिप 5 मध्ये ऑप्शन्स हा क्लास गेला, आता साधी डिक्शनरी द्यावी लागते. 5 वर नेल्यावर ती ओळ एरर देऊ लागली. मुलाने फोन केला होता आणि मी, दुसऱ्या कामात, म्हणालो होतो, "काढून टाक सध्या, चालेल."

चाललेही. एररशिवाय.

त्या फोल्डरमधल्या आणखी तीन स्क्रिप्टांतून तीच ओळ गेलेली आहे. दोन पुन्हा चालवल्या, आकडे जुळले. तिथे पल्स शून्यापासूनच सुरू होते, त्यामुळे पाऊल लांबायला जागाच नव्हती. तिसरीत दोन पल्स आहेत, मध्ये 3 मायक्रोसेकंदांची शांतता. तिचा आलेख विभागाच्या जिन्यात पोस्टरवर लागलेला आहे. रन काल रात्री लावलाय.