तुम्ही विचारलंत म्हणून: वीस रुपयांसाठी लोकल सोडली?

ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात. गणपतीत नणंदेकडे गेले, तर तिच्या जावेने आरतीचं तबक हातात असतानाच विचारलं, "स्टेशनवरच्या पार्किंगच्या वीस रुपयांसाठी लोकल सोडलीस म्हणे? आणि रोज शिळफाट्याच्या कंटेनरांमधून स्कूटर नेतेस?" पुढचं 'वेड लागलंय का' काहीजण बोलून दाखवतात, काहीजण मनात ठेवतात. एकदाच सगळं सांगते.

आधी हिशेब, कारण तो माझ्याविरुद्ध जातो. मी अंबरनाथच्या पुढे राहते, नोकरी नवी मुंबईत, महाप्याच्या एमआयडीसीत. लोकलने जायचं तर ठाण्याला उतरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल धरायची. सेकंड क्लासचा पास इतका स्वस्त आहे की त्याबद्दल बोलायलाच नको. स्कूटरने पेट्रोलचेच महिन्याला तीन हजारांच्या वर जातात. टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं, पाठदुखी वेगळी. तेव्हा मी वीस रुपये वाचवते असं तरी म्हणू नका. मी काहीच वाचवत नाही.

आता ते वीस रुपये. ते बारा तासांपर्यंतचे. माझी शिफ्ट नऊ तासांची, जायला-यायला दोन्ही वेळचे मिळून साडेतीन-चार तास. बारा तासांत परत येणारा माणूस कर्जत लाइनवर राहतच नाही. म्हणजे रोज पुढच्या स्लॅबचे जास्त पैसे. हेल्मेट ठेवायचं तर त्याचे वेगळे. हँडल लॉक करायचं नाही, कारण दिवसभरात त्यांना गाड्या सरकवून जागा काढायची असते. संध्याकाळी आपली गाडी दुसऱ्याच रांगेत, आरसा वाकडा, सीटवर खडूचा नंबर. आणि वर पाटी: वाहन मालकाच्या जबाबदारीवर. पैसे त्यांचे, जबाबदारी माझी.

महिन्याकाठी हे सगळं पासापेक्षा जास्त होतं. म्हणजे साठ-सत्तर मिनिटं आणि दोन गाड्यांच्या प्रवासाला जे पडतं, त्याहून जास्त स्कूटर नुसती उभी करायला. 2014 च्या जूनमध्ये महिन्याच्या पासाची किंमत पंधरा एकेरी तिकिटांऐवजी तीस तिकिटांच्या हिशेबावर न्यायचं ठरलं होतं, आठवतंय? केवढा गदारोळ झाला! खासदार दिल्लीला धावले आणि चार दिवसांत निर्णय मागे. पार्किंगचे दर वाढले की कोणी धावत नाही. टेंडर निघतं, जास्त बोली लावणारा ठेका घेतो, लावलेली बोली आमच्याकडून वसूल करतो, एवढंच. पास एकदा काढला की महिनाभर विसरता येतो. पार्किंगचं मात्र रोज सकाळी, गाडी प्लॅटफॉर्मला लागत असताना, पर्समध्ये सुट्टे शोधत नव्याने ठरवावं लागतं.

रिक्षाने जा, असं सुचवणाऱ्यांनी रात्री दहानंतर आमच्या स्टेशनबाहेर येऊन बघावं. शेअरची रांग संपलेली असते आणि उरलेले सगळे 'स्पेशल' म्हणतात. पूर्वी स्टेशनजवळ एका आजींच्या अंगणात महिन्याच्या पैशांवर गाड्या राहायच्या. तिथे आता सात मजले उभे आहेत.

पण एक सांगायलाच हवं, नाहीतर सोसायटीतलं कोणीतरी जुना मेसेज काढून दाखवेल. स्टेशनजवळ पे अँड पार्क व्हावं म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत मी पुढे होते. तेव्हा फुकटच्या जागेत आजूबाजूचे दुकानदार सकाळीच गाड्या लावून टाकायचे आणि आम्हाला नाल्याच्या कडेला स्कूटर लावून ई-चलनाची वाट बघावी लागायची. "पैसे घ्या, पण जागा द्या," हे वाक्य माझंच. ते मी आजही मागे घेत नाही. आमची लाइन 1856 सालची. तेव्हा स्कूटरवाल्या बायकांसाठी कोणी जागा राखून ठेवली नव्हती हे मलाही कळतं. नवी मुंबईत स्टेशनं नव्याने आखली म्हणून बाहेर मोकळी जागा आहे. आमच्याकडे बाजारातच स्टेशन आहे. फुकट ठेवा असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. मग तक्रार काय? थांबा, सांगते.

जुलैतली रात्र होती. कुर्ल्याला रुळांवर पाणी, ठाण्याला तुडुंब गर्दी. कशीबशी कर्जत लोकल मिळाली आणि साडेअकराच्या पुढे उतरले. पाऊस चालूच. पार्किंगच्या दारात ही रांग, कारण अख्खी लोकल एकदम गाडी काढायला आलेली. रोजच्या सुट्ट्यांना कंटाळून मी पार्किंगचं मासिक कार्ड काढलं होतं. गुलाबी, शिक्का मारलेलं, एक तारखेलाच पैसे भरलेले. सकाळी तिथल्या काकांनी नेहमीसारखा नुसता हात केला होता. रात्री काका नव्हते. फ्लेक्स नवा, गळ्यात मशीन अडकवलेला एक पोरगा नवा.

"पावती?"

मी कार्ड दाखवलं.

"हा जुना ठेका, ताई. दुपारी बारापासून आमचा. हे चालत नाही."

"अरे, गाडी सकाळी लावली ना. तेव्हा तुम्ही होतात का?"

"पावती नसेल तर पावती हरवल्याचे शंभर. आणि आरसी दाखवा."

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नवऱ्याच्या नावावर, ती त्याच्या फोनमध्ये. नवरा बोईसरला रात्रपाळीला आणि फोन लॉकरमध्ये, कारण प्लांटमध्ये नेऊ देत नाहीत. मी हे सगळं नीट सांगितलं. पोरगा म्हणाला, "मालकाला फोन लावा."

चार वर्षं मी ती गाडी चालवत होते. हप्तेही माझ्याच पगारातून गेले होते.

मी वाद घातला, आणि मला वाद घालता येतो. पैसे महिन्याचे घेतले, ठेका मध्येच बदलला, तर हिशेब दोन ठेकेदारांनी आपसांत करावा. माझा त्यात काय संबंध? मागून दोघं-तिघं म्हणाले, "बरोबर बोलतायत ताई." बरं वाटलं. दोन मिनिटांनी हॉर्न सुरू झाले. मग एक आवाज आला, "ओ ताई, देऊन टाका ना! वीस-पन्नास रुपयांसाठी सगळ्यांना भिजवताय." लोक हसले. मी वळून पाहिलं. रोज सकाळी माझ्याच डब्याच्या शेजारच्या डब्यात चढणारा माणूस. त्याच्याही हातात तेच गुलाबी कार्ड होतं. मी पाहतेय म्हटल्यावर त्याने ते खिशात घातलं आणि शंभराची नोट काढली.

मीही दिले. दिल्याबरोबर पोरगा म्हणाला, "आरसी राहू द्या." मी गाडी काढताना हळूच पुढे म्हणाला, "मशीनमध्ये गाड्या मोजल्यात ताई. कमी पडले तर माझ्या पगारातून कापतात." त्याच्यावर मला धड चिडताही येईना.

लेखी तक्रार केली. उत्तर आलं की जुन्या ठेक्याचे पैसे जुन्या ठेकेदाराकडे मागावेत. तो कुठे आहे, ते उत्तरात नव्हतं.

लोकल मी दुसऱ्या दिवशी सोडली नाही. काही आठवडे रिक्षाने स्टेशन गाठलं. मग एका सकाळी रिक्षाच मिळेना म्हणून स्कूटर काढली आणि स्टेशनच्या वळणावर इंडिकेटर दिलाच नाही. नेवाळी नाका, खोणी, काटई, शिळफाटा, महापे. पोचले तेव्हा हात थरथरत होते. पण दारात कोणी पावती मागितली नाही. कंपनीच्या शेडमध्ये गाडी लावली, हँडल लॉक केलं आणि वर गेले.

धोका आहे, मान्य. शिळफाट्याला कंटेनरच्या मागच्या चाकाशेजारी उभं राहिलं की पार्किंगचे पैसे फार क्षुल्लक वाटतात. मुलगी 'पोचलीस का' विचारते आणि मी उत्तर दिल्याशिवाय शाळेला निघत नाही. धुवाधार पावसात मी आजही रिक्षा-लोकलनेच जाते, त्यामुळे 'लोकल सोडली' हेही पूर्ण खरं नाही. नवरा म्हणतो, आरसी तुझ्या नावावर करून टाकू, म्हणजे प्रश्न मिटला. त्याला वाटतं प्रश्न आरसीचा होता. नणंदेच्या जावेला वाटतं वीस रुपयांचा. मला काय वाटतं ते दर महिन्याला बदलतं. पेट्रोल पंपावर एक वाटतं, स्टेशनवरून जाताना दुसरं.

परवा पुन्हा ठेका बदलल्याचं कळलं. स्कूटर बाहेर उभी करून आत जाऊन विचारून आले, मासिक पास देता का, आणि मध्येच ठेका गेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे कोण देणार, हे कार्डावर लिहून मिळेल का. मशीनवाला म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो."