लायब्ररीची वाटणी आणि बेळगावचे सर

मी युरोपला टूर मॅनेजर म्हणून जाते, त्यामुळे बेल्जियम म्हटलं की ॲटोमियमचे ते मोठे गोळे, सू करणाऱ्या पोराचा तो पुतळा, चॉकलेटची दुकानं, संध्याकाळी इंडियन डिनर, झाला देश. पण एकदा रिटायर्ड प्राध्यापकांचा ग्रुप मिळाला, कोल्हापूर-सांगली-बेळगावकडचे, आणि त्यांनी बुकिंगलाच सांगितलं की आम्हाला युनिव्हर्सिट्या दाखवा, शॉपिंग नको. असे पॅसेंजर नशिबाने मिळतात.

सकाळी ल्युव्हन केलं. 1425 सालची युनिव्हर्सिटी. लायब्ररीसमोर उभं करून मी माझी नेहमीची टेप लावली, जुनी लायब्ररी 1914 मध्ये जर्मन सैन्याने जाळली, मग अमेरिकन देणग्यांतून ही नवी बांधली, ती 1928 ला सुरू झाली आणि 1940 मध्ये युद्धात हीसुद्धा जळाली. सगळे चुकचुकले, फोटो काढले. मग मी पुढचं सांगितलं, की तिसऱ्यांदा या लायब्ररीवर संकट आलं ते आगीचं नव्हतं, भाषेचं होतं. गाव फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारं, पण युनिव्हर्सिटीत फ्रेंच विभागही मोठा. 1962-63 मध्ये देशात भाषेची सीमा कायद्याने आखली गेली, ल्युव्हन डच बाजूला, आणि मग ‘वालून लोकांनो (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांनो) चालते व्हा’ म्हणत पोरं रस्त्यावर उतरली, फेब्रुवारी 1968 मध्ये त्यावरून चक्क सरकार पडलं. शेवटी एका युनिव्हर्सिटीच्या दोन झाल्या आणि पुस्तकं वाटताना सम नंबरची एकीकडे, विषम नंबरची दुसरीकडे.

बेळगावचे एक सर होते, टूरभर फारसं बोलले नव्हते, ते एकदम पुढे आले. "मॅडम, परत सांगा. पुस्तकं सम-विषम?" म्हटलं हो सर, शेतीची वाटणी करताना भाऊ बांध घालतात तसं. ते हसले नाहीत. "आणि फ्रेंचवाले गेले कुठं?" म्हटलं, दुपारी तिथेच जायचंय.

लुवँ-ला-नव्ह जेमतेम अर्ध्या तासावर आहे. वाटेत एका ठिकाणी रस्त्यावरच्या पाट्या डचमधून फ्रेंच होतात, सर खिडकीला नाक लावून तेच बघत होते. आमचा ड्रायव्हर फ्लेमिश, तो गप्प. हे गाव शेतांच्या पठारावर शून्यातून उभं केलंय, 1971 ला राजाने पायाभरणी केली, 1972 ला पहिले विद्यार्थी आले आणि 1979 पर्यंत सगळं बिऱ्हाड हललं, फक्त मेडिकल ब्रुसेल्सला गेलं. गंमत म्हणजे गावाचा मधला भाग एका प्रचंड काँक्रीटच्या स्लॅबवर आहे, खाली गाड्या, पार्किंग, रेल्वे, वर फक्त माणसं. म्हणजे कोच खाली सोडून जिने चढा, आणि माझ्या ग्रुपचे गुडघे म्हणजे काय विचारू नका. पण वर आल्यावर सगळे खूश, कारण हॉर्न नाही, पोरं पायऱ्यांवर बसून फ्राइज खातायत.

सायन्सच्या चौकात काँक्रीटची एक दणकट इमारत आहे, मूळची सायन्स लायब्ररी, आता म्युझियम. तिथे बाकावर एक आजोबा होते, आमच्या नऊवाऱ्या बघून बोलायला आले. युनिव्हर्सिटीतलेच रिटायर्ड, 68 ला ल्युव्हनमध्ये शिकत होते. सरांनी मला मध्ये घातलं आणि मी अर्धा तास नुसती इकडचं तिकडे करत बसले. आजोबा म्हणाले, सुरुवातीला इथे चिखल आणि क्रेन, बाकी काही नाही, बायको आठवडाभर रडली. ल्युव्हनला कित्येक वर्षं रागाने पाऊल ठेवलं नाही, आणि आता मुलगी तिथल्याच युनिव्हर्सिटीत नोकरीला, नातू घरी डच बोलतो. सरांनी विचारलं, मग जिंकलं कोण? आजोबा म्हणाले, "इंग्रजी. दोन्हीकडचे मास्टर्सचे बरेच वर्ग आता इंग्रजीत चालतात."

मग सर सुरू झाले. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तिथपासून, सीमावादावरचा महाजन आयोग, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेली केस, शाळेतला पोरगा म्हणून काढलेले मोर्चे, सगळं. मी जमेल तसं फ्रेंचमध्ये कोंबलं, आजोबा मध्ये मध्ये "वी, वी" म्हणजे हो, हो करत मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं की तुम्हाला वेगळं गाव बांधून द्यायला कुणी आलं नाही का? सर म्हणाले, "आम्हाला गाव नको, आहे तेच पाहिजे." हे ट्रान्सलेट करताना माझाच आवाज जरा चढला असावा, कारण शेजारच्या बाकावरची पोरं वळून बघायला लागली.

परतीच्या कोचमध्ये मग जुंपलीच. सांगलीचे सर म्हणाले, बघा, वाटणी झाली म्हणून दोन्ही युनिव्हर्सिट्या वाढल्या. बेळगावचे म्हणाले, यांना सरकारने पैसा आणि जमीन दिली, आम्हाला तारखा दिल्या. कोल्हापूरच्या मॅडम म्हणाल्या, पण पुस्तकं काय म्हणून तोडायची? ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, भांडण कशाचं चाललंय, मी म्हटलं तुझ्याच देशाचं. तो म्हणाला, ते भांडण आम्हालाही अजून मिटवता आलेलं नाही, पण माझे ड्रायव्हिंग अवर्स संपत आलेत, यांना खाली बसायला सांग.