हरणांना दाणे टाकू नका

मागच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी, इथे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, शेजारचे आजोबा आमच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. बुटांवरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "तू हरणांना मका टाकतेस ना, तो आजपासून बंद कर. मी कुठे कळवणार नाही. पण बंद कर."

बाहेर उणे पंधरा होतं. तीन आठवड्यांपासून रोज दिवेलागणीला पाच-सहा हरणं आमच्या कुंपणापाशी येत होती. त्यांत एक मादी कानाला चीर गेलेली, तिच्यामागे तिची दोन पाडसं. मी त्यांना मक्याचे दाणे टाकायची, सफरचंदाच्या साली टाकायची, उरलेली पोळी कुस्करून टाकायची. आमच्या घरी आई अजूनही पहिली पोळी गाईची काढते. अशा घरातल्या मुलीने दारी आलेल्या मुक्या जिवाला उपाशी पाठवायचं कसं? आणि सांगतंय कोण, तर दर नोव्हेंबरात बंदूक घेऊन हरीण मारायला जाणारा माणूस.

मी त्यांना "बरं" म्हटलं, दार लावलं आणि नवऱ्यापुढे मनातलं सगळं ओकून टाकलं. खायला घालायला बंदी आणि गोळी घालायला परवाना, हा कुठला न्याय? आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, काळविटाला हात लावला तर तुरुंग. आमच्या गावापासून जवळ कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे, तिथे माळरानावर काळवीट मोकळे फिरतात, आणि लहानपणी आम्ही सायकलवर त्यांना बघायला जायचो. कुणाच्या मनातही त्यांना मारायचं आलं नाही. त्या रात्री मला आपल्या माणसांचा फार अभिमान वाटला. तो आजही आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की पोरगी अमेरिकेत जाऊन बदलली.

दुसऱ्या दिवशी विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे इथे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात त्या खात्याची, माहिती वाचायला बसले. भांडायला मुद्दे हवे होते. तीन तासांनी उठले तेव्हा पोटात गोळा आला होता.

इथल्या हरणांना एक रोग आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. त्याला जिवाणू कारण नाही, विषाणूही नाही. बिघडलेल्या घडीचं एक प्रथिन, प्रायॉन, मेंदूत साचत जातं आणि मेंदूला भोकं पडतात. हरीण वर्ष-दीड वर्ष दिसायला धडधाकट असतं. मग ते वाळत जातं, लाळ गळते, मान खाली पडते, माणसाची भीती जाते, आणि ते मरतंच. लस नाही, औषध नाही, बरं झालेलं एकही हरीण नाही. आणि ते पसरतं लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून. मातीत पडलेलं प्रायॉन वर्षानुवर्षं तसंच टिकून राहतं.

म्हणजे मी काय करत होते? रानात एरवी पांगून चरणाऱ्या हरणांना एका परातीएवढ्या जागेत तोंडाला तोंड लावून खायला घालत होते. एकीची लाळ दुसरीच्या घासात. तीन आठवडे, रोज. त्या कान चिरलेल्या मादीच्या पाडसांना मी काय दिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

विस्कॉन्सिनमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला २००२च्या फेब्रुवारीत, माउंट होरेब गावाजवळ. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास. तेव्हा सरकारने त्या पट्ट्यातली हरणं जवळजवळ संपवायचीच, असं ठरवलं होतं. लोकांना ते पटलं नाही, शेतमालकांनी साथ दिली नाही, आणि काही वर्षांनी तो बेत सोडावा लागला. आता दक्षिणेतल्या काही भागांत मोठ्या नरांपैकी एक तृतीयांशाहून जास्त रोगी निघतात. म्हणून आमच्या डेन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हरणांना चारा टाकायला बंदी आहे. पक्ष्यांचं दाण्याचं भांडं चालतं, पण ते घरापासून पन्नास यार्डांच्या आत हवं आणि हरणाचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर हवं. इतका बारीक नियम. जानेवारीतल्या त्या रविवारी तो मला क्रूर वाटला होता.

पुढच्या आठवड्यात मी आजोबांकडे पोह्यांचा डबा घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि दोन तास हरणांबद्दल बोलले. त्यांच्या आजोबांच्या लहानपणी या राज्यात हरीण दिसणं मुश्कील झालं होतं. जंगलं तोडलेली आणि मांसाचा बाजार तेजीत. १९२५ ते १९३५ या काळात तर एक वर्ष शिकार, एक वर्ष बंद, असं करावं लागलं. मग कायद्याने सांभाळल्यावर हरणं इतकी वाढली की उत्तरेतल्या जंगलात हिवाळ्यात पाला पुरेना आणि उपासमारीने मरू लागली. तेव्हा मॅडिसनच्या विद्यापीठातले प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड म्हणाले की माद्याही मारायला हव्यात. शिकारी खवळले. १९४३च्या हंगामात माद्या मारायची परवानगी मिळाली, तर लोकांनी त्याला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असं नाव ठेवलं. आजोबांच्या वडिलांनी लिओपोल्डना शिव्या घातल्या होत्या, आणि आजोबा स्वतः आता दरवर्षी आधी मादीच मारतात. कारण सरळ आहे. नर एक कमी झाला तर पुढच्या वर्षी फरक पडत नाही, आणि मादीला बहुतेक वेळा जुळी होतात.

राज्यात आज पंधरा लाखांहून जास्त हरणं आहेत. उत्तरेत लांडगे आहेत, पण आमच्याकडे दक्षिणेत हरणांवर धाक राहील असं जनावर जवळपास नाही. मेळघाटात वाघ आणि रानकुत्री जे काम करतात, ते इथे पाच लाखांहून जास्त परवानाधारक माणसं करतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. धनुष्यबाणवाल्यांचा सप्टेंबरपासूनच सुरू झालेला असतो. किती माद्या मारायच्या, हे जिल्ह्याजिल्ह्याने वेगळं ठरतं. त्यासाठी जिल्ह्याची समिती असते. तिच्यात शिकारी असतात, शेतकरी असतात, जंगलाचं काम बघणारे असतात, रस्त्यावरच्या अपघातांची बाजू मांडणारेही असतात. आमच्या जिल्ह्यात हरणं फार, म्हणून माद्यांचे परवाने भरपूर. उत्तरेत एखाद्या कडक हिवाळ्यानंतर काही जिल्ह्यांत एकही नाही.

१ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा सुरक्षा वर्ग केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक नारिंगी हवेत. २०१६पासून गुलाबीही चालतो. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची. आणि एप्रिलमध्ये प्रत्येक जिल्ह्यात लोकांची मतं मागवतात. १९३४पासूनची ही पद्धत आहे. शिकारी असायची अट नाही. यंदा मीही ऑनलाइन प्रश्नावली भरली. मांस न खाणाऱ्या, गोळी कधी न झाडलेल्या कारंज्याच्या बाईला एका अमेरिकन राज्याने विचारलं की हरणांचं काय करावं. मला ते फार मोठं वाटलं.

तरी एक गोष्ट मला आवडत नाही आणि आवडणारही नाही. नोव्हेंबरात पेट्रोल पंपावर गाड्यांच्या मागे हरणं टाकलेली असतात, जीभ बाहेर आलेली, आणि शेजारी उभं राहून शिंगं धरून फोटो काढतात. दुकानांच्या फळ्यांवर लहान पोरांचे तसे फोटो लागतात. गरज म्हणून मारता तर मारा, पण मान खाली घालून मारा. आमच्याकडे देवीपुढे बोकड पडला तरी घरातली म्हातारी पदर डोळ्याला लावते. हे मी आजोबांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले की माझ्या भिंतीवर एकच शिंगाळं डोकं आहे, ते वडिलांनी मारलेलं, म्हणून ठेवलंय.

हंगाम गेल्या रविवारी संपला. आजोबांनी यंदा दोन माद्या मारल्या. दोन्हींची डोकी मानेच्या थोड्या भागासकट पिशवीत घालून, फॉर्म भरून, रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत ठेवून आले. तिथून ती तपासणीला जातात, घशाजवळच्या गाठी काढून बघतात, पैसे लागत नाहीत. मी त्यांच्याबरोबर गेले होते. पेटीजवळ बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बापाला फॉर्मवर जागा दाखवत होती, नकाशावर बोट ठेवून, अगदी मन लावून. निकाल येईपर्यंत आजोबा मांसाला हात लावत नाहीत. रोगी निघालं तर खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही. एक निकाल चांगला आला. दुसऱ्याची ते वाट बघताहेत. चांगला आला तर ते मांस गरजूंच्या अन्नछत्राला जाईल. तशी राज्याची योजनाच आहे.

पहिल्या शनिवारची गोष्ट राहिली. ती सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

त्या दिवशी मी पहाटेच उठले होते. साडेचारला आजोबांची गाडी निघताना ऐकली. सहा वाजून गेल्यावर बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजत आले होते आणि बाबा जागलीला निघाले होते. तूर उभी आहे, हरबरा नुकता वर आलाय. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं एका रात्रीत एकर साफ करतात. बाबांचं वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन गेलं तेव्हा पंचनामा झाला, कागद झाले, चकरा झाल्या, आणि जे हातात आलं त्यात बियाण्याचाही खर्च निघाला नाही. काळवीट मोकळे फिरतात याचा मला अभिमान आहे म्हणाले ना मी वर? त्या अभिमानाची किंमत बाबा मचाणावर बसून देतात, हे मी इतकी वर्षं सोयीने बाजूला ठेवलं होतं.

मी त्यांना इथलं सांगत होते. त्यांनी मधेच विचारलं, "अन् ज्याचं पीक खाल्लं त्याले पैसे कोन देते?"

सांगितलं. नुकसान मोजायला जिल्ह्याचा माणूस येतो. पहिले पाचशे डॉलर शेतकऱ्याचे, पुढे दहा हजारांपर्यंत भरपाई, आणि तो पैसा बराचसा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो. मुख्य अट म्हणजे शेत शिकारीला खुलं ठेवायचं.

"म्हंजे मारनाराच भरून देते," बाबा म्हणाले.

"हो."

"आपल्याइकडं परवानगीबिगर मारता नाही येत. अन् मले मारनं होनारही नाही, बेटा. रोह्याचे डोये पाह्यले का तू? गाईसारखे असतात." थोडं थांबून म्हणाले, "पन पाच सालात दोनदा पीक गेलं."

मला काही बोलता आलं नाही. तिकडे त्यांनी चालता चालता रिकामा तेलाचा डबा वाजवायला सुरुवात केली होती, अंधार पडताना वाजवतात तसा, ठण ठण ठण. आणि त्याच वेळी आमच्या मागच्या शेतांच्या पलीकडून, लांबून, पहिली गोळी ऐकू आली. मग लगेच दुसरी.

बाबांचा डबा थांबला. "काय वाजलं वो तिकडं?"

"हंगाम सुरू झाला, बाबा," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि पुन्हा डबा वाजवू लागले.