पेटमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेट स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम आणि फुप्फुसातल्या गाठीबद्दल हा प्रश्न मला रोजच येतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं हवं असतं, आणि माझी अडचण तिथेच होते.

पेटला कॅन्सर दिसतच नाही. दिसते ती साखरेची भूक. शिरेतून टोचतात ते एफडीजी म्हणजे ग्लुकोजचाच सोंगाड्या, फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू लावलेला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही, मग तो आतच साठतो. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडला की दोघं नाहीसे होतात आणि गॅमा किरणांचे दोन कण विरुद्ध दिशांना पळतात. यंत्र ते टिपतं. फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून वेळेवर या असा आमचा लकडा असतो.

भूक मात्र कॅन्सरलाच असते असं नाही. क्षय, सारकॉइडोसिस, बुरशीचा संसर्ग, साधा न्यूमोनिया; जिथे शरीर झुंजतंय तिथे साखर ओढली जाते. रिपोर्टमधला एसयूव्हीचा आकडा, म्हणजे त्या जागेने किती साखर ओढली याचं माप, लोक परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात, ‘२.५ च्या वर’ म्हणजे निकाल लागला! क्षयाची गाठ हा आकडा सहज ओलांडते. उलट कार्सिनॉइड किंवा संथ वाढणारा ॲडिनोकार्सिनोमा, हे फुप्फुसातल्या कॅन्सरचेच प्रकार, अंधुकच राहू शकतात. ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ नाही चमकली, तर त्यावरून मी कुणाला निर्धास्त करत नाही. त्यात ती फुप्फुसाच्या तळाशी असली तर श्वासागणिक हलते आणि चित्रात पुसट होते.

मग पेट करायचा कशाला? कॅन्सर ठरलाच असेल तर तो कुठवर गेलाय हे बघायला. छातीच्या मधले लिम्फ नोड (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या ग्रंथी), मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी, हाडं हे सगळं एका फेरीत कळतं आणि निरर्थक ठरली असती अशी शस्त्रक्रिया टळते. मेंदूचं काम मात्र एमआरआयचं. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की तिथली छोटी गाठ त्या उजेडात हरवते.

एक गृहस्थ आठवतात. फुप्फुसात गाठ, आणि छातीतले दोन्ही बाजूंचे नोड झळकत होते. ऑपरेशन आता शक्य नाही, असं घरच्यांनी धरूनच टाकलं होतं. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून नोडमधून सुईने नमुना घेतला, तर तिथे कॅन्सरची पेशी नाही, जुनाट दाह. गाठ काढता आली. चित्र मी वाचलं होतं. ‘पसरल्याची शक्यता’ हे शब्दही माझेच होते. चुकीचे नव्हते, पण ‘शक्यता’ हा शब्द घरी पोचेपर्यंत गळून पडतो.

म्हणून हल्ली प्रश्न आला की मी उलट विचारतो, जुना सीटी आहे का? दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात हीच भरीव गाठ तेवढीच असेल, तर ती माहिती कित्येकदा एसयूव्हीपेक्षा मोलाची. बहुतेकांकडे तो असतो. घरी, कपाटात.