काढू नका

"ह्या चार ओळी कशाला? पॅडिंग तर चिप स्वतःच करते. काढून टाकू?" नेटवर्क ड्रायव्हरचा (नेटवर्कची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामचा) कोड वाचताना टीममधल्या नव्या मुलीने आज विचारलं.

पॅडिंग म्हणजे लहान पडणाऱ्या पॅकेटात भर घालून ते किमान लांबीचं करणं. प्रश्न रास्त होता. चिपची डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) तेच सांगते. ओळींच्या वर टीप एवढीच: 'काढू नका'.

इथरनेटच्या तारेवरून जाणारं पॅकेट, म्हणजे फ्रेम, शेवटचा सीआरसी (चूक ओळखायचा आकडा) सोडून किमान ६० बाइटची लागते. ऑप्शन नसलेला आयपीव्ही४ वरचा टीसीपी ॲक (डेटा मिळाल्याची पोच) मात्र इथरनेट, आयपी आणि टीसीपीचे हेडर मिळून १४ + २० + २० म्हणजे ५४ बाइटचाच. उरलेले ६ कुणीतरी भरायचे. आमच्या चिपच्या एका जुन्या आवृत्तीत ते भरताना चेकसम (पॅकेट बरोबर पोचलं का ते पडताळायची बेरीज) बिघडतो, म्हणून ड्रायव्हर आधीच शून्यं भरतो आणि चेकसमही स्वतः मोजतो. ओळी काढल्या तर पिंग, म्हणजे जोडणी तपासायची साधी चाचणी, झकास चालेल, कारण तिचं पॅकेट मोठं असतं. कनेक्शन मात्र मधेच अडकेल, आणि बिघाड शोधणारा केबल तपासत बसेल.

शून्यंच भरायची, हेही महत्त्वाचं. २००३ मध्ये 'इथरलीक' नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली, तेव्हा कित्येक ड्रायव्हर ती जागा पुसतच नव्हते. मेमरीतले जुने तुकडे, आधीच्या पॅकेटांचा मजकूर, सरळ बाहेर जात होता.

चिपची आवृत्ती, लक्षण आणि कारण आम्ही दोघांनी मिळून त्या टिपेत लिहिलं. हे आधी कुणीच का लिहिलं नाही, ते मात्र दिवसभर डोक्यातून जाईना. इतकी मेहनत करून सापडलेली गोष्ट दोन शब्दांत कशी काय संपवतात?

तुमच्या कोडमध्ये असे किती 'काढू नका' आहेत?