मॅडम, हा परत करेल का?

कोर्टाकडून पत्र आलं की त्यातला प्रश्न ठरलेला असतो: या माणसाला सोडलं तर तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल का? मी मनोरुग्णालयात सोशल वर्कर आहे. डॉक्टर त्याची मनःस्थिती तपासतात, घरी जाऊन बघायचं काम माझं.

मागे अशाच एका गृहभेटीला गेले होते. मुलाने आजाराच्या भरात चुलत्यावर वार केला होता. कोर्टाने आजारामुळे निर्दोष ठरवलं, तरी मुक्काम आमच्याकडेच होता. आईने कोयता पत्र्याच्या पेटीत घातला होता, ते कुलूप ती मला दोनदोनदा ओढून दाखवत होती. मी विचारत होते महिन्याच्या इंजेक्शनचं. ते गावच्या दवाखान्यात मिळत नव्हतं, तालुक्याला न्यायचं तर घरातल्या एकाचा रोज बुडणार. थोरला भाऊ रोज पिऊन येतो, बांधाचा वाद मिटलेला नाही, आणि चुलता समोरच्याच घरात. मला काळजी वाटली ती याची.

भाऊ म्हणाला, “मॅडम, हा परत करेल का?”

त्याचा आजार स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा; पण एवढ्या शब्दावरून याचं उत्तर मिळत नाही. १९९८ मध्ये बोंटा, लॉ आणि हॅन्सन या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मनोरुग्ण गुन्हेगारांच्या बाबतीतही आजाराच्या निदानापेक्षा पुन्हा गुन्हा होईल का हे सांगायला आधीच्या गुन्ह्यांचा इतिहासच जास्त बोलका निघाला. हिंसेचा धोका तपासायला कॅनडात तयार झालेल्या एचसीआर-२० या यादीत वीस मुद्दे आहेत. दहा मागच्या आयुष्याचे, ते बदलत नाहीत. पाच आत्ताच्या मनःस्थितीचे आणि पाच पुढचे: राहणार कुठे, सोबत कोण, उपचार घेईल का, ताण कसा झेपेल. माझा जीव या शेवटच्या पाचांत असतो, कारण तिथे काहीतरी करता येतं.

नुसता शेरा लिहून हात झटकले की काय होतं? आसामचे कच्चे कैदी माचांग लालुंग १९५१ मध्ये आत गेले. १९६७ मध्ये तेजपूरच्या मनोरुग्णालयाने त्यांना बरं ठरवलं, तरी सुटका झाली २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर.

म्हणून मी अहवालात अटी लिहिते: इंजेक्शन कोण देणार, किती तारखा चुकल्या की आम्हाला कळवायचं, चुलत्याशी बोलणी कोण करणार. त्या मुलाच्या इंजेक्शनची सोय आता गावच्या दवाखान्यात करून घ्यायची आहे. तिथल्या सिस्टरशी बोलणं झालंय, साठ्याचं पत्र वर गेलंय. भावाने हमीपत्रावर अजून सही केलेली नाही.